बोडकी गाडी विकणे आहे

११ फेब्रु. ७३, रविवार

गाडी विकली म्हणे. मला कुणी सांगितलं नाही, भाकऱ्या थापता थापता ऐकलं. मोठे भावजी (इथून पुढे मो.भा., एवढं लिहायला शाई कोण घालवणार) जेवताना मामंजींना सांगत होते, "कोल्हारचे बापूसाहेब घेत्यात. साखर कारखान्याचे संचालक हायेत. वैशाखात पोराचं लग्न, वरातीला पायजे त्यांना. मी शब्द दिलाय."

शब्द यांनी दिला. गाडी केली वसंतने.

तवा खाली उतरवला नि स्वैपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, "तिचं हूड मी शिवलंय. दोन्ही सीटा मी शिवल्यात. मला कुणी विचारलं?"

या घरात आल्यापासून थोरल्या दिराशी मी तोंड वर करून बोलले नव्हते. त्यांचा घास हातातच राहिला. सासूबाई म्हणाल्या, "लीला, आत जा."

गेले. पण बोलून गेले.

१३ फेब्रु.

दुपार. सगळे आडवे झालेत.

वसंत. हे बघ, नाव लिहिलं. तू होतास तोवर 'अहो' नि 'ऐकलं का'. गेलास नि मला तुझं नाव सापडलं.

गेल्या पावसाळ्यात काविळीने गेला. पाऊस नव्हताच म्हणा, नुसता महिन्यांना पावसाळा म्हणायचं. गाडी त्याच्या आधी महिनाभर पुरी झाली होती. शेवटचा हिरवा हात मारला, तो वाळायच्या आत डोळे पिवळे झाले.

नगरच्या भिंगार कॅम्पातल्या कुठल्याशा गोऱ्या साहेबाची ही गाडी. साहेब विलायतेला गेला, गाडी राहिली. हातोहात फिरत शेवटी एका बंगल्यामागे तिचं खुराडं झालं. वसंतने ती बैलगाडीला बांधून माळीवाड्यात आपल्या गॅरेजवर आणली तेव्हा सीटवर अंडं होतं. ते त्याने घरी आणून माझ्या हातावर ठेवलं. म्हणाला, "बोहनी."

दोन माणसांची गाडी. वर छप्पर नाही, कॅनव्हासचं घडीचं हूड. गल्लीने पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, बोडकी. तेव्हा मीही हसले होते. आता माझ्यासमोर ते नाव कुणी घेत नाही. घरात मीच बोडकी झाले ना.

म्हणून मी घेते. बोडकी. बोडकी. बोडकी.

१४ फेब्रु.

हुडाचं लिहायचं राहिलं. मिलिटरीच्या डिस्पोजलचा, म्हणजे लिलावातला, कॅनव्हास होता. घरच्या मशीनवर सुया तुटायच्या. शेवटी दाभण घेतलं, दोऱ्याला मेण लावलं नि हाताने टाके घातले. बोटं सुजली. पहिलं हूड तोकडं झालं, सगळं उसवलं. दुसरं बसलं. वसंतने वरून बादलीभर पाणी ओतलं नि आत बसून ओरडला, "एक थेंब नाय!"

आज बादलीभर पाणी कुणी असं ओतलं तर गल्ली मारेल.

१९ फेब्रु.

मो.भा. मोटारींच्या ऑफिसात जाऊन आले. गाडी बापूसाहेबांच्या नावावर करायला वसंतच्या वारसाची सही लागते. वारस मी. हे त्यांना तिथल्या कारकुनाकडून कळलं!

संध्याकाळी सासूबाईंच्या हातून माझ्याकडे कागद आला. "सही कर बाई, त्यानं शब्द दिलाय."

म्हटलं, "गाडी विकायला माझी ना नाही. वसंतनेही विकायलाच केली होती. पण गिऱ्हाईक मी बघणार, बोलणार मी, पैसे माझ्या हातात येणार. मला जीपची हुडं नि सीटा शिवायचं दुकान टाकायचंय."

सासूबाई म्हणाल्या, "पोर ना बाळ. तुला कशाला गं दुकान?"

पोर ना बाळ म्हणूनच तर. पण हे तोंडाने नाही म्हटलं. कागद तसाच परत दिला.

२२ फेब्रु.

गॅरेजवर गेले. वसंत गेल्यापासून पहिल्यांदा. सायमन मेस्त्री होता, वसंतचा जुना जोडीदार. तो नि मो.भा. मिळून आता गॅरेज चालवतात, म्हणजे सायमन काम करतो, मो.भा. खुर्चीवर बसतात. आज खुर्ची रिकामी होती.

सायमनने ताडपत्री ओढली. धूळ उडाली. हिरवा रंग तसाच.

"वहिनी, बॅटरी बसलीय. हँडल मारावं लागेल." मारलं. खोकली, शिंकली, मग चालू झाली. तो आवाज. मी मडगार्डला धरून उभी राहिले. रडले नाही. सायमन मुद्दाम पलीकडे जाऊन पाना शोधत बसला.

मग मी सीटवर बसले नि क्लच दाबला. सायमनला माहीत होतं. घरात कुणाला माहीत नाही. भिंगारपुढच्या माळावर वसंतने मला शिकवलं होतं, ट्रंकेत माझं लायसन आहे. सासूबाईंना वाटायचं आम्ही देवाला जातो.

४ मार्च, रविवार

पेंटरकडून पाटी करून घेतली. 'गाडी विकणे आहे.' खाली नाव. पेंटर म्हणाला, "सौ. घालू का श्रीमती?" विचारून मग त्याने जीभ चावली. म्हटलं, "श्रीमती लीला वसंत इंगळे. नि वसंत जरा ठळक काढा."

पाटी गॅरेजच्या दारावर, रस्त्याकडे तोंड करून.

६ मार्च

पाटी उलटी करून ठेवलेली. सरळ केली.

७ मार्च

पुन्हा उलटी. मागच्या बाजूनेही तेच लिहून घेतलं. करा आता उलटी.

१० मार्च

टँकरच्या रांगेत. माझा हंडा सहावा-सातवा असेल. मागून कोणीतरी, मला ऐकू जाईल इतकंच, "बोडकीला बोडकी इकती म्हनं." बाकीच्या हसल्या.

वळले. म्हटलं, "विकते. तुला घ्यायचीय का?"

ती हंडा पुढे सरकवायला वाकली. पण तिच्या पलीकडे एक म्हातारी होती, खडी फोडायच्या दुष्काळी कामावरून आलेली, हात फुटलेले. ती हसली नव्हती. नुसती म्हणाली, "लोकान्ला खायाला न्हाई बाई, अन् तुमाला गाड्या."

हंडा भरून घरी आले. दिवसभर तेच डोक्यात. मग वाटलं, गाडी उभी करून ठेवली तर हिच्या चुलीवर काय शिजणार आहे? नि मी पारनेरला भावाच्या दारात जाऊन पडले तर कोणाचं पोट भरेल? माझं तरी मी भरते. एवढंच उत्तर. तिला द्यायचं राहिलं.

१७ मार्च

पारनेरहून माझा धाकटा भाऊ आला. महादू. मो.भा.नी बोलावून घेतलेला. ओट्यावर दोघांचं कुजबुजणं झालं, मग तो आत आला. डोळ्याला डोळा देईना.

"अक्का, चल घरी. हितं काय ऱ्हायलंय आता तुझं? आमी हाय की."

"तुझी बायको काय म्हणते?"

"ती काय म्हननार."

"नाही म्हणाली ना?"

नखाने भिंत टोकरत बसला. गरीब आहे बिचारा. कोरडवाहू रान, यंदा तर तेही उघडं पडलंय. माझ्या एका ताटासाठी त्याच्या घरात रोज भांडण होईल. मला कळतं.

म्हटलं, "महादू, दिवाळीला ओवाळायला येईन. पाहुणी म्हणून. कायमची नाही."

एस.टी.ला वेळ होता म्हणून त्याला गॅरेजवर नेलं. गाडीत बसवलं. लहानपणी ताटली फिरवत बसायचा तसा स्टिअरिंग धरून बसला, तोंडाने आवाज काढला. "लई भारी हाय गं अक्का. हे सारं तू शिवलं?" टाक्यांवरून हात फिरवत राहिला.

जाताना मो.भा.ना म्हणाला, "भैन माजी हितंच ऱ्हायाचं म्हनती. मंग ऱ्हाऊ द्या." एवढं बोलायला त्याला केवढी हिंमत लागली असेल.

२० मार्च

गिऱ्हाइकं. एक कॅम्पातला कॅप्टन, बॉनेट उघडून खूप वेळ बघितलं, बदली झाली तर गाडी कुठे ठेवू म्हणाला नि गेला. एक कापडवाले शेठ, गाडीपेक्षा मलाच जास्त बघत होते. त्यांना म्हटलं, "शेठ, विकायला गाडी आहे."

सायमन बोल्ट आवळत होता, त्याने पाना खाली टाकला नि उठून उभा राहिला.

२६ मार्च

बापूसाहेबांचा निरोप. गाडी स्वतःच्या इंजिनवर कोल्हारपर्यंत चालत आणा, बघतो, मग सौदा.

मो.भा. खूश. "सायमन नेईल." मला काय, गिऱ्हाईक कुठलंही चालेल, बोलणार मी.

२९ मार्च

सायमनचं मनगट मोडलं. सकाळी गाडीला हँडल मारताना ते झटक्याने उलटं फिरलं. हाडवैद्याकडे मी नेला. रस्ताभर तोच माझी समजूत घालत होता, "वहिनी, इंजिनाची चूक नाही."

मो.भा. म्हणाले, आता ट्रकमागे दोर बांधून नेऊ.

मी म्हटलं, "ओढत नेलेली गाडी कोण घेईल? त्यांनी चालत आणा म्हटलंय. मी चालवते."

आधी सासूबाई, मग मो.भा., मग परत सासूबाई. लाज, अब्रू, गल्ली, पाहुणे, मेलेला माणूस. सगळं निघालं. मी ट्रंकेतून लायसन आणून मधे ठेवलं. त्यावरचा फोटो माझा, कुंकवासकट. मो.भा.नी उचललं, वाचलं, खाली टाकलं. "हे कधी केलं?"

"तुमच्या भावाने करून दिलं."

मामंजी कोपऱ्यात सुपारी कातरत होते. वसंत गेल्यापासून हा माणूस 'हं' नि 'नको' याखेरीज काही बोललेला नाही. अडकित्ता मिटला नि म्हणाले, "मी बसतो तिच्याशेजारी. मंग काय म्हनायचं ते मला म्हना."

१ एप्रिल, रविवार

आज कोल्हार. जाऊन आलो, रात्री लिहिते आहे.

सकाळी उन्हाच्या आत निघालो. हूड घडी करून मागे. डोक्यावर पदर घेतला होता, गाव सुटेपर्यंत राहिला. मग वाऱ्याने दोनदा तोंडावर आणला, समोरचं दिसेना. सरळ कमरेला खोचला. मामंजींनी पाहिलं, रस्त्याकडे तोंड केलं. थोड्या वेळाने स्वतःचीच टोपी काढून मांडीखाली दाबली. दोघंही उघड्या डोक्याचे.

तिसरा गिअर पडताना कुरकुरतो. वसंत म्हणायचा, घाई करू नको, ती देते. देते.

राहुरीच्या अलीकडे खडीचं काम चालू होतं. बायका ओळीने बसलेल्या, हातोड्या, घमेली, पाळण्यात पोरं. टँकरच्या रांगेतली म्हातारी आठवली नि मी मान खाली घालून वेग वाढवणार होते. पण रस्ताच अर्धा खणलेला, हळू जावं लागलं. एकेक हातोडी थांबली. एक उठून उभी राहिली, कपाळावर हात धरून.

"कोन गं तू? कुनाची?"

मामंजीच ओरडले, "आमची हाय! धाकली सून!"

तिने घमेलं वर धरून हलवलं. मग दुसरीने. हसत होत्या, पण टँकरवरचं हसणं नव्हतं ते. पोरं धावली मागे. मी मान वर केली.

पुढे मामंजी बराच वेळ डोळे पुसत होते. धूळ फार होती.

बापूसाहेबांचा वाडा नाही, नवा स्लॅबचा बंगला. प्रवरा जवळच, पण नुसती वाळू. बापूसाहेब बाहेर आले, गाडीभोवती फिरले, टायरला लाथ मारली. मामंजींना म्हणाले, "डायवर कुठंय?"

"ही काय."

ते मोठ्याने हसले. मला म्हणाले, "बाई, तुमी आत जा, बायकांत बसा. चहा घ्या."

गेले. बापूसाहेबांच्या मंडळींनी पाट दिला, चहा दिला, काही विचारलं नाही. दाराच्या फटीतून बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. "हे मागचं हूडबिड कापून टाकू. तिथं खुर्ची बसवायची, उंच. पोरगं दिसलं पायजे समद्यास्नी. रंग लाल मारू. बरं, सौदा तुमच्या थोरल्याशी झालाय."

मामंजी म्हणाले, "ते तिला विचारा. गाडी तिची हाय."

"बायामानसांशी कसला सौदा, पाव्हनं!"

कप खाली ठेवला. बाहेर आले. पदर अजून खोचलेलाच होता, लक्षात आलं नाही. आलं असतं तरी तसाच ठेवला असता.

म्हटलं, "बापूसाहेब, गाडी विकायची आहे. पण बोलायचं माझ्याशी."

"मी तुमच्या दिराशी बोललोय."

"मग दिराची गाडी घ्या. त्यांची सायकल आहे."

आत दारामागे कुणीतरी फिसकन हसलं. मंडळीच असणार. बापूसाहेबांचं तोंड लाल झालं. मला वाटलं आता हाकलतात. मामंजी उठून उभे राहिले होते.

"ताठा लई हाय तुमच्यात," बापूसाहेब म्हणाले.

"मेहनत पण लई हाय," मी म्हटलं. "हूड कापायचं असेल तर देणार नाही. ते कापायला नाही शिवलं."

नि निघालो. गाडी पहिल्या हँडलला चालू झाली. नसती झाली तर काय केलं असतं, देव जाणे! हँडल मामंजींनी मारलं. सत्तरीच्या माणसाने. वारूळवाडीच्या मारुतीला नारळ बोलले आहे त्यांच्यासाठी.

३ एप्रिल

मो.भा. बोलत नाहीत. बरं आहे.

बोलले. "उद्या पाडवा. सण झाला की गाडी तरी जाईल नाहीतर ती तरी जाईल." मला नाही, भिंतीला सांगितलं.

४ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली. कडुलिंबाचा पाला सगळ्यांनी खाल्ला, कडू तोंडं तशीही होतीच. मी नवी साडी नाही नेसले, पण सासूबाईंनी त्यांच्यातली एक निळी, कमी धुतलेली, माझ्या दोरीवर टाकून ठेवली. विचारलं तर म्हणाल्या, "वाळत घातलीय." कोरडी होती.

नेसले.

११ एप्रिल

इरिगेशनच्या जीपची दोन हुडं शिवायला आली. सायमनने गाठ घालून दिली. ओट्यावर कॅनव्हास पसरला, दाभण नि मेण घेऊन बसले. जाणारा-येणारा बघतो. बघू दे.

विचार करते आहे. गाडी विकली नाही तर दुकानाला भांडवल नाही. विकली तर ती गेली. रात्री ठरवते एक, सकाळी दुसरंच. वसंत, तू असतास तर विकून मोकळा झाला असतास, नि मग चार दिवस जेवला नसतास. मला दोन्ही करायला वेळ नाही.

१८ एप्रिल

बापूसाहेबांचा माणूस आला. मो.भा.कडे नाही, माझ्याकडे. ओट्यावर, कॅनव्हासच्या पलीकडे उभा राहून म्हणाला, "साहेब रविवारी नगरला येणार हायेत. मालकीनबाईंशी बोलायचंय म्हनले. हुडाला हात लावनार न्हाईत."

हुडाला हात लावणार नाहीत म्हणजे त्यांच्या मंडळींनी काहीतरी ऐकवलं असणार. माझी खात्री आहे.

मो.भा. खिडकीत होते. सगळं ऐकलं.

२१ एप्रिल

गॅरेजला नवं कुलूप. किल्ली मो.भा.कडे. म्हणाले, "बापूसाहेब आले की मी उघडीन. बोलनं माझ्याशी हुईल."

सायमनचा हात अजून गळ्यात. मामंजींनी किल्ली मागितली, दिली नाही. बापालाही नाही दिली.

२२ एप्रिल, रविवार

कुलूप तोडलं. भर दिवसा, सकाळच्या उन्हात, गल्ली जागी असताना. चोरून नाही. हातोडा सायमनचा, घाव माझे. चौथ्या की पाचव्याला कडी निघाली. मो.भा. ओरडत आले. मामंजी दारात आडवे उभे राहिले, हात पसरून, "तिला काढू दे. माझ्या पोराची हाय." मो.भा. बापाला हात लावू शकले नाहीत. मागे सरले. त्यांचाही चेहरा बघवत नव्हता, खरं सांगते. धाकट्याचं कौतुक या माणसाने जन्मभर लांबून बघितलं. पण त्याचा हिशोब माझ्यावर नको.

गाडी बाहेर आणली. घरासमोर, रस्त्यावर लावली. हूड मागे. पुसली.

आता स्टिअरिंगला वही टेकवून लिहिते आहे. सगळ्या खिडक्यांत तोंडं. मघाशी सासूबाई चहा घेऊन उंबऱ्यापर्यंत आल्या. पुढे आल्या नाहीत, परतही गेल्या नाहीत. मी उतरून घेतला. म्हणाल्या, "ऊन लागेल." म्हटलं, "लागू दे."

बापूसाहेब आले तर शेजारी बसवीन, भिंगारच्या माळापर्यंत फिरवीन, मग बोलेन. माझ्या तोंडून हो निघेल का नाही, मलाच माहीत नाही. नाही आले तर अंधार पडेपर्यंत इथेच बसणार.

वेशीकडून एक मोठी गाडी वळलेली दिसतेय. धुळीत कोण आहे ते कळत नाही. पेन ठेवते.